हारितीच्या पायाशी शाळा : मुलांच्या अद्भुत चित्रकादंबऱ्यांविषयी

अजिंठ्याच्या दुसऱ्या क्रमांकाच्या लेण्यात, मुख्य गाभाऱ्याच्या उजव्या बाजूस एक छोटे दालन आहे. सहलीला आलेली मुले पहिल्या लेण्यातील पद्मपाणी पाहून आलेली असतात आणि पुढच्या लेण्यांची त्यांना घाई असते. त्यामुळे या दालनापाशी फारसे कोणी थांबत नाही. तेथे हारिती आणि तिचा पती पांचिक यांच्या भव्य मूर्ती शेजारी शेजारी बसलेल्या आहेत. त्यांच्या पायाशी पाचव्या शतकातील शिल्पकाराने चक्क एक शाळा कोरून ठेवली आहे. हातात छडी घेतलेले गुरुजी आहेत. पुढची मुले अभ्यासात गढलेली आहेत आणि मागची मुले खोड्या करण्यात दंग आहेत. दीड हजार वर्षांत वर्गाची रचना काही फारशी बदललेली नाही, हे पाहून कोणत्याही शिक्षकाला हसू यावे.

परंतु ही हारिती कोण होती? बौद्ध परंपरेतील कथा सांगते, की ती राजगृहातील लहान मुले पळवून खाणारी यक्षिणी होती. तिला स्वतःची पाचशे मुले होती. लोक तथागतांकडे गेले. तथागतांनी तिच्यावर शस्त्र उगारले नाही. त्यांनी तिचे सर्वांत धाकटे मूल आपल्या भिक्षापात्राखाली लपविले. हारिती रडत, भटकत, शोधत अखेर तथागतांपाशी आली. तेव्हा त्यांनी तिला विचारले, की पाचशेंपैकी एक मूल दिसेनासे झाले तर तुला एवढे दुःख होते. मग ज्यांना एकच मूल होते आणि तेही तू नेलेस, त्यांचे काय झाले असेल? त्या एका प्रश्नाने राक्षसीची माता झाली. मुले खाणारी मुलांची रक्षणकर्ती झाली. म्हणूनच शिल्पकाराने तिच्या पायाशी शाळा कोरली.

या लेखाचा विषय आहे मुलांसाठीच्या अद्भुतरम्य चित्रकादंबऱ्या, आणि त्याचा आरंभ हारितीपासून करण्यास कारण आहे. शाळेचा वर्धापनदिन आला, की माजी विद्यार्थी मोठ्या प्रेमाने ग्रंथदान करतात. महापुरुषांची चरित्रे येतात, स्पर्धा परीक्षांची मार्गदर्शके येतात, शब्दकोश येतात. हे सर्व हवेच आहे. मात्र चौथी ते सातवीच्या मुलांचे कपाट पाहिले तर ते बहुधा अर्धे रिकामे असते. या वयाच्या मुलांसाठी राक्षस, उडते घोडे, बोलणारे बैल आणि गुप्त दरवाजे असलेली चित्रमय पुस्तके घ्यावीत, असे कोणी सुचविले तर दोन आक्षेप हमखास निघतात. पहिला असा, की चित्रे पाहणे म्हणजे वाचन नव्हे. दुसरा अधिक गंभीर आहे : ज्या समाजाने बाबासाहेबांच्या मार्गदर्शनाखाली चमत्कार आणि अंधश्रद्धा नाकारल्या, त्या समाजाच्या शाळेत भुताखेतांच्या कथा कशासाठी? या दोन्ही आक्षेपांना प्रामाणिक उत्तर देणे आवश्यक आहे.

चित्रकादंबरी म्हणजे काय?

कॉमिक्स किंवा चित्रकथा आपल्या सर्वांच्या परिचयाची आहे. पानावर चौकटी असतात, चौकटींत चित्रे असतात, पात्रांचे बोलणे फुग्यांत लिहिलेले असते. याच पद्धतीने एखादी दीर्घ, सलग, कादंबरीसारखी कथा एका किंवा अनेक खंडांत सांगितली, की तिला इंग्रजीतून आलेल्या शब्दाने ग्राफिक नॉव्हेल आणि मराठीत चित्रकादंबरी म्हणतात. लहान मुलांच्या चित्रपुस्तकात चित्र हे बहुधा मजकुराच्या सोबतीला असते. चित्रकादंबरीत मात्र चित्र काढून टाकले तर कथा कळत नाही आणि शब्द काढून टाकले तरीही ती अपुरी राहते.

मिलिंदप्रश्नातील रथाचा दृष्टान्त येथे आठवतो. भदन्त नागसेन राजा मिलिंदाला विचारतात, की चाक म्हणजे रथ काय? आस म्हणजे रथ काय? जू म्हणजे रथ काय? यांपैकी कोणतेही एक अंग म्हणजे रथ नव्हे. सर्व अंगे विशिष्ट रीतीने एकत्र आली म्हणजे आपण त्यास रथ म्हणतो. चित्रकादंबरीचेही तसेच आहे. चौकट, शब्द, रंग आणि दोन चौकटींमधील मोकळी पट्टी या साऱ्यांच्या जुळणीतून कथा उभी राहते.

यांतील मोकळ्या पट्टीकडे विशेष लक्ष द्यावे. एका चौकटीत मुलगी दाराच्या कडीला हात लावते. पुढच्या चौकटीत ती अंधाऱ्या जिन्यावर उभी आहे. दार उघडल्याचे चित्र कोठेही नाही. ते दार वाचक मूल स्वतःच्या मनात उघडते. अमेरिकन अभ्यासक आणि चित्रकार स्कॉट मॅक्लाउड यांनी १९९३ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या पुस्तकात हीच गोष्ट चित्रकथेच्या केंद्रस्थानी मानली : दोन चौकटींमध्ये जे दाखविलेले नसते, ते वाचकाने पुरे करायचे असते. दूरचित्रवाणीवर चित्र स्वतःच पुढे सरकते. येथे वाचकाला ते सरकवावे लागते. म्हणून चित्रकथा पाहणे आणि मोबाईलवर कार्टून पाहणे या दोन वेगळ्या क्रिया आहेत.

ही परंपरा आपल्याला परकी नाही

चित्रांतून कथा वाचण्याची विद्या परदेशातून आली, असा समज असल्यास तो दूर करावा. अजिंठ्याच्या दहाव्या लेण्यात, इसवी सनापूर्वीच्या काळातील भिंतीवर, षड्दन्त जातक एका लांब पट्टीसारखे रंगविलेले आहे. सहा सुळ्यांचा हत्तिराज हा बोधिसत्त्व. पूर्वजन्मीच्या मत्सरातून त्याचे सुळे मागणारी राणी. आणि सुळे समोर आणल्यावर तिचे कोसळणे. अनेक शतकांनंतर सतराव्या लेण्यातही हीच कथा पुन्हा रंगविली गेली. त्याच सतराव्या लेण्यात सिंहल व्यापाऱ्याची कथा आहे : फुटलेले जहाज, सुंदर स्त्रियांचे रूप घेतलेल्या राक्षसींचे बेट आणि सुटकेसाठी आलेला आकाशगामी अश्व. आजच्या भाषेत बोलायचे तर ही संपूर्ण अद्भुत चित्रकादंबरी आहे.

तेथील चित्रकारांची एक रीत लक्षात घेण्याजोगी आहे. आजच्या पुस्तकात चौकटी डावीकडून उजवीकडे, काळाच्या क्रमाने लागतात. अजिंठ्यातील अनेक मोठ्या पटांवर प्रसंगांची मांडणी काळानुसार नसून स्थळानुसार आहे. राजवाड्यातील सारे प्रसंग एका बाजूस, अरण्यातील दुसऱ्या बाजूस. मग ते आधीचे असोत वा नंतरचे. खांब, दरवाजे, खडक आणि झाडे हीच तेथील चौकटींची रेघ. पाहणाऱ्याने भिंतीसमोर मागेपुढे फिरत कथा जुळवायची.

पुढील काळातही महाराष्ट्रात ही धारा आटली नाही. सिंधुदुर्ग जिल्ह्यातील पिंगुळी गावी ठाकर समाजाचे चित्रकथी आजही चित्रांच्या सुट्या पोथ्या उलगडत, गात कथा सांगतात. या परंपरेसाठी परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री जाहीर झाली. याच जातीच्या चित्रांना आपल्या मराठवाड्यातील पैठणच्या नावाने ‘पैठणी चित्रे’ असेही म्हटले जाते.

छापील युगात आल्यावर आजच्या आजोबा पिढीला ‘चांदोबा’ आठवेल. तेलुगू आणि तमिळ ‘चंदामामा’ १९४७ साली निघाले आणि १९५२ साली मराठी ‘चांदोबा’ आला. विक्रम आणि वेताळाच्या कथांनी अनेकांना वाचनाची गोडी लावली. १९६४ साली सुरू झालेली ‘इंद्रजाल कॉमिक्स’ मराठीतही निघत. १९६७ साली अनंत पै यांनी ‘अमर चित्रकथा’ सुरू केली. तिच्यात जातककथांची अनेक पुस्तके आहेत, आणि १९७९ साली बाबासाहेबांवरील पुस्तकही आले. बालभारतीचे ‘किशोर’ मासिक १९७१ पासून मराठी मुलांना चित्रांसह कथा पुरवीत आले आहे.

जगात आज नऊ ते बारा वर्षांच्या मुलांसाठी या प्रकारात पुष्कळ काम होत आहे. अमेरिकेतील जेफ स्मिथ यांनी १९९१ ते २००४ या काळात ‘बोन’ ही तेराशेहून अधिक पानांची चित्रकादंबरी पूर्ण केली. आपल्या गावातून हाकलले गेलेले तीन चुलतभाऊ एका अनोळखी खोऱ्यात येतात आणि तेथील युद्धात गुंततात, अशी ती कथा. काझू किबुइशी यांची ‘ॲम्युलेट’ ही मालिका २००८ साली सुरू झाली आणि २०२४ साली नवव्या खंडाने संपली. वडील गमावलेल्या एमिली आणि नेव्हिन या बहीणभावांची आई एक विचित्र प्राणी उचलून नेतो. एमिलीला एक शक्तिशाली मणी मिळतो, परंतु तो मणी तिच्याच मनावर ताबा मिळवू पाहतो. दोन्ही मालिका इंग्रजीत उपलब्ध आहेत. मराठीत मात्र या वयासाठी, या विस्ताराच्या अद्भुत चित्रकादंबऱ्या फारच थोड्या आहेत; ही उणीव आपणच भरून काढावी लागेल.

एक दुवा आपल्या मुलांना आवर्जून सांगावा. मोबाईलवर ती ज्या ‘ड्रॅगन बॉल’मधील गोकूला पाहतात, त्याची मूळ चित्रकथा जपानच्या अकिरा तोरियामा यांनी १९८४ साली सुरू केली. गोकू हा एका जुन्या चिनी कादंबरीतील वानरराजावरून घडविलेला आहे. सोळाव्या शतकातील त्या कादंबरीत हा वानर ज्याचे रक्षण करतो, तो प्रवासी म्हणजे बौद्ध ग्रंथ आणण्यासाठी भारतात आलेला भिक्खू ह्युएनत्संग. सातव्या शतकात तो महाराष्ट्र देशातही आला होता. पुस्तकांच्या शोधात निघालेल्या एका भिक्खूच्या खऱ्या प्रवासातून जगभरच्या मुलांची केवढी मोठी अद्भुत सृष्टी जन्माला आली!

हे वाचन आहे काय?

पहिल्या आक्षेपाकडे वळू. चौथी ते सातवी हा वाचनाच्या आयुष्यातील अवघड वळणाचा काळ असतो. तोवर मूल अक्षरे जोडून वाचायला शिकलेले असते. येथून पुढे वाचून शिकण्याची अपेक्षा सुरू होते. पाठ्यपुस्तके दाट होतात, चित्रे कमी होतात, वाक्ये लांबतात. ज्या घरात पुस्तके आहेत, त्या घरातील मूल हे वळण सहज पार करते. ज्या घरातील आईवडील दिवाळीनंतर कोयता घेऊन ऊसतोडीला जातात आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परततात, त्या घरातील मुलाला हे वळण एकट्याने पार करावे लागते. गंगाखेड, सोनपेठ, पालम, जिंतूर या भागांतून वसतिगृहात आलेल्या कितीतरी मुलांची ही परिस्थिती आहे. मूल सहावीत असते. परंतु दोन पाने सलग वाचली, की ते दमते. त्याला पहिलीची पुस्तके दिली तर त्याला अपमान वाटतो. त्याच्या वयाच्या कथा दिल्या तर मजकूर पेलत नाही.

अशा मुलाला चित्रकादंबरी हात देते. कथा त्याच्या वयाची असते. तीत भय असते, मैत्री असते, फसवणूक असते, निर्णय असतात. मजकूर मात्र लहान लहान फुग्यांत विभागलेला असतो. अडलेल्या शब्दाचा अर्थ चित्रातून उमगतो. आणि दीडशे पानांचे पुस्तक ‘मी संपविले’ हा अनुभव, जो त्याला पूर्वी कधी आलेला नसतो, तो येतो.

ग्रंथालयाचा तास घेताना आलेला एक अनुभव येथे नोंदवितो. सहावीतील एक विद्यार्थी नंदिविशाल जातकाचे चित्रकथेचे पुस्तक तीन दिवस घेऊन बसला होता. कथा आपणांस ठाऊक असेल. नंदिविशाल हा बोलणारा बैल. शंभर गाडे आपण ओढू शकतो, अशी पैज लावण्यास तो आपल्या मालकाला सांगतो. ऐन वेळी मालक त्याला शिवी देऊन हाकतो. बैल जागचा हलत नाही. मालक पैज हरतो. नंतर बैल विचारतो, की मी तुझे कधी काही बिघडविले होते काय, मग तू मला असे का बोललास? दुसऱ्या वेळी मालक गोड शब्दांत बोलतो आणि शंभर गाडे हलतात. पुस्तक परत करताना तो मुलगा म्हणाला, “सर, बैल बोलतो हे खोटं आहे. पण मालक हरला ते खरं आहे.” पुस्तकाविषयी याहून अचूक अभिप्राय मी मोठ्या माणसांकडूनही क्वचितच ऐकला आहे. त्या मुलाला स्वतःला कोणत्या शब्दांनी हाका मारल्या जात असतील, याचा विचार मात्र त्या रात्री मनातून गेला नाही.

चित्रकादंबरीने गद्य वाचनाची जागा घ्यावी, असे कोणीही म्हणणार नाही. ती पायरी आहे आणि स्वतंत्र कलाही आहे. चित्रकथेचे नंदिविशाल वाचून झाल्यावर त्याच मुलाच्या हाती गद्यातील जातककथा देता येतात. मराठीत त्यासाठी भक्कम साहित्य आहे. धर्मानंद कोसंबींनी जातककथा मराठीत आणल्या. विनोदी लेखक म्हणून परिचित असलेले चिं. वि. जोशी हे पालीचे गाढे अभ्यासक होते आणि त्यांनीही निवडक जातके मराठी वाचकांना दिली. दुर्गा भागवतांनी ‘सिद्धार्थ जातक’ या नावाने जातकांचे विस्तृत भाषांतर केले. मूळ पाली संग्रहात ५४७ कथा आहेत. एकेक पायरीने मूल तेथवर जाऊ शकते.

अद्भुत आणि अंधश्रद्धा

दुसरा आक्षेप आपल्या समाजाला अधिक जवळचा आहे आणि तो हसून टाळण्याजोगा नाही. बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात सिद्धार्थाच्या गृहत्यागाची रूढ कथा, म्हणजे वृद्ध, रोगी आणि प्रेत प्रथमच पाहिल्याची कथा, बुद्धीला पटणारी नाही म्हणून स्वीकारली नाही. एकोणतीस वर्षांच्या तरुणाने तोवर म्हातारा माणूस पाहिलाच नव्हता, हे कसे शक्य आहे, असा त्यांचा प्रश्न होता. त्यांनी शाक्य आणि कोलीय यांच्यातील रोहिणी नदीच्या पाण्याचा तंटा पुढे मांडला. तथागतांनीही कालामांना सांगितले होते, की परंपरेने आले म्हणून, ग्रंथात आहे म्हणून किंवा गुरू सांगतात म्हणून काहीही मानू नका.

मग बोलणारा बैल आणि उडता घोडा यांचे काय करावे? येथे एक भेद स्पष्ट केला पाहिजे. हवेतून अंगारा काढणारा बुवा हे सत्य आहे असा दावा करतो आणि त्या दाव्यावर विश्वास मागतो. पुष्कळदा पैसेही मागतो. अद्भुतकथा असा कोणताही दावा करीत नाही. ती वाचकाशी उघड करार करते : काही वेळ असे समजू, की बैल बोलतो, मग पाहू काय होते. मूल हा करार उत्तम रीतीने जाणते. वर उल्लेखिलेल्या विद्यार्थ्याचे वाक्य हेच सांगते. ज्या मुलाने शेकडो अद्भुतकथा वाचल्या आहेत, त्याला कल्पित काय आणि वास्तव काय, हे ओळखण्याचा सराव झालेला असतो. धोका असतो तो कल्पित कथा इतिहास म्हणून सांगितली जाते तेव्हा. म्हणून चमत्कार आहेत की नाहीत, एवढ्यावरून पुस्तक नाकारू नये. ते चमत्कार खरे मानावेत असा आग्रह पुस्तक धरते काय, हे पाहावे.

राक्षस कोणाला म्हणायचे?

अद्भुतकथेतील खरा धोका माझ्या मते अन्यत्र आहे. तेथे बहुधा एक राक्षस असतो. तो राक्षस कसा दिसतो? त्याचा रंग कोणता? तो कोठे राहतो? त्याला मारण्यापूर्वी कोणी त्याचे म्हणणे ऐकते काय?

‘अमर चित्रकथा’सारख्या लोकप्रिय मालिकांतही नायक गोरे आणि असुर काळे, दांडगे, केसाळ रंगविले गेले, हे अभ्यासकांनी दाखवून दिले आहे. आपले सावळे मूल पुस्तक उघडते आणि आपला वर्ण त्याला फक्त राक्षसाच्या अंगावर दिसतो. कोणी काही शिकविले नाही, तरी ते काहीतरी शिकते. पुस्तक विकत घेताना हे तपासावे असे फार थोड्यांच्या मनात येते.

महाराष्ट्राला हा प्रश्न नवा नाही. महात्मा फुले यांनी १८७३ साली प्रसिद्ध झालेल्या ‘गुलामगिरी’त पुराणातील कथा उलट बाजूने वाचून दाखविली. ज्याला असुर ठरविले, तो बळी प्रजेचे पालन करणारा राजा. ज्याला अवतार म्हटले, तो वामन त्याला फसविणारा. मराठवाड्यातील शेतकऱ्याच्या घरी आजही बळीचे राज्य यावे अशीच इच्छा केली जाते. राक्षस म्हणजे कोण, हे सांगणारा कोण आहे, असे विचारण्याची ही शिकवण लहान वयातच दिली पाहिजे. आणि त्यासाठी अद्भुत चित्रकादंबरीसारखे दुसरे साधन नाही. कारण तेथे राक्षस डोळ्यांना दिसतो.

चांगली पुस्तके हा प्रश्न स्वतःच उपस्थित करतात. ‘ॲम्युलेट’मध्ये शत्रू असलेल्या एल्फ लोकांच्या राजाचा मुलगा ट्रेलिस पुढे एमिलीचा सोबती होतो, शत्रूच्या गोटातील प्रत्येक जण शत्रू नसतो, हे मूल कथेतून अनुभवते. आपल्याकडे २०११ साली ‘नवयान’ने प्रसिद्ध केलेल्या ‘भीमायन’ या बाबासाहेबांवरील इंग्रजी पुस्तकात दुर्गाबाई आणि सुभाष व्याम या परधान गोंड चित्रकारांनी फार विचारपूर्वक काम केले आहे. सौम्य बोलण्याचे फुगे पक्ष्यांच्या आकाराचे आहेत, तर विषारी बोलण्याच्या फुग्यांना विंचवाची नांगी आहे. घटना पूर्णपणे वास्तव आहेत. परंतु शब्द नांगीसारखा लागतो, हे सत्य दाखविण्यासाठी अद्भुताची भाषा वापरली आहे. नंदिविशालाला जे लागले, तेच येथे चित्रात उमटले आहे.

आणि हारितीची कथा तर याच प्रश्नाचे उत्तर आहे. तेथे राक्षसीला मारले जात नाही. तिला दुसऱ्याच्या दुःखाची जाणीव करून दिली जाते.

निवड आणि वाचनाची रीत

पालक आणि ग्रंथदान करणाऱ्या माजी विद्यार्थ्यांसाठी काही व्यावहारिक सूचना कराव्याशा वाटतात.

वय पाहून पुस्तक निवडावे. चित्रे आहेत म्हणजे ते लहान मुलांचेच असे नाही. जपानचे ओसामू तेझुका यांनी १९७२ ते १९८३ या काळात तथागतांच्या जीवनावर ‘बुद्ध’ ही थोर चित्रकादंबरी रचली. तिच्या आरंभीच स्वतःला अग्नीत झोकून देणाऱ्या सशाची कथा येते. परंतु तिच्यातील हिंसा आणि नग्नता लक्षात घेता ती नववीच्या पुढील विद्यार्थ्यांसाठी ठेवावी. ‘भीमायन’ सातवीपासून, शिक्षकांच्या सोबतीने वाचावे. जातकांची चित्रकथा आणि ‘बोन’सारखी पुस्तके चौथी-पाचवीपासून चालतील. इंग्रजी पुस्तके मुलांना अवघड जातात हे खरे. तरी चित्रांच्या आधाराने गटात बसून वाचली, तर इंग्रजीची भीतीही त्यातून कमी होते.

पैशांची अडचण असल्यास मोफत साधने आहेत. ‘किशोर’चे जुने अंक बालभारतीने संगणकीय स्वरूपात खुले केले आहेत. प्रथम बुक्सच्या ‘स्टोरीवीव्हर’ या संकेतस्थळावर मराठीतील चित्रमय कथा विनामूल्य मिळतात.

पुस्तक घरी आले, की ते मुलाबरोबर पाहावे. अनेक माता म्हणतात, की आम्हाला वाचता येत नाही, आम्ही काय शिकविणार? चित्रकादंबरीपुढे ही अडचण उरत नाही. मुलाने शब्द वाचावेत, आईने चित्रे वाचावीत. ‘ही बाई का रडते?’, ‘या दोन चित्रांच्या मध्ये काय झाले असेल?’, ‘हा राक्षस असा का वागला?’ हे प्रश्न विचारण्यासाठी अक्षरओळख लागत नाही. सुट्टीत घरी गेलेल्या मुलाने ऊसतोडीच्या कोपीवर दिव्याच्या उजेडात आईला चित्रकथा दाखविली, तर त्या रात्री त्या कोपीत शाळा भरली असे म्हणावे लागेल.

शेवटी, मुलांनी स्वतःही अशी पुस्तके तयार करावीत. एक कोरा कागद आठ भागांत घडी घालून, मधोमध एक चीर देऊन पुन्हा दुमडला, की आठ पानांची लहान पुस्तिका होते. तीत सशाची कथा बसते. पौर्णिमेच्या चंद्रावर ससा दिसतो, हे आपल्याकडील प्रत्येक मुलाला ठाऊक असते. याचकाला द्यायला आपल्यापाशी काही नाही म्हणून स्वतःचा देह देणाऱ्या सशाचे चित्र शक्राने चंद्रावर काढले, असे ससजातक सांगते. नंदिविशाल रंगविताना तो कोणत्या तरी परक्या पुस्तकातला पांढरा बैल असण्याचे कारण नाही. आपल्या मराठवाड्यातील लाल कंधारी बैल का असू नये? मालकाचे घर आपल्या गावातले का असू नये? मराठीत या वयाची पुस्तके कमी आहेत, ही तक्रार उद्या कदाचित याच मुलांपैकी कोणी दूर करील.

या वर्षीच्या ग्रंथदानात प्रत्येक माजी विद्यार्थ्याने इतर पुस्तकांबरोबर एक अद्भुत चित्रकादंबरी द्यावी, अशी नम्र विनंती आहे. देण्यापूर्वी ती स्वतः वाचावी आणि तिच्यातील राक्षस नीट पाहावा. त्याच्याशी कथेत कोणी एक शब्द तरी बोलते काय, हे पाहावे. शाळेची पुढची सहल अजिंठ्यास जाईल तेव्हा दुसऱ्या लेण्यातील त्या दालनापाशी मुलांना थोडा वेळ थांबवावे आणि हारितीची कथा सांगावी. खोड्या करणारी मागच्या रांगेतील मुलेही त्यांना दाखवावीत. तीही त्याच शाळेतली आहेत.